आधी जाऊन या, मग पैसे

आमच्या विभागात कुणाचा शोधनिबंध परदेशातल्या परिषदेत स्वीकारला गेला की पेढे वाटतात. आनंद पेढे संपेपर्यंतच टिकतो. मग कुणीतरी बोटं पुसत विचारतं, "पण पैसे कोण देणार?"

माझी एक विद्यार्थिनी दख्खनच्या बेसाल्टमधल्या भूजलावर पीएचडी करते. सांगोल्याकडची आहे. व्हिएन्नात दर वर्षी युरोपियन जिओसायन्सेस युनियनची मोठी सभा भरते, तिथं तिचं पोस्टर लागणार होतं. पत्र आलं तेव्हा ती नाचली. मीही नाचले, गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढी.

मदत नसतेच असं नाही. पूर्वी एसईआरबी या केंद्र सरकारच्या संशोधन मंडळाची होती ती प्रवास-साहाय्याची योजना आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे आहे, शिवाय विद्यापीठांचे आपापले निधी असतात. आमच्याही अर्जाला एका ठिकाणाहून मंजुरी आली. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं : रक्कम मूळ बिलं सादर केल्यानंतर अदा केली जाईल. म्हणजे जायला पैसे ज्याच्याकडे आहेत, त्यालाच जाण्यासाठी मदत!

ज्युनिअर रिसर्च फेलोला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. यातलं 'महिन्याला' फार मनावर घ्यायचं नाही; बऱ्याचदा ते तीन-चार महिने दडी मारून एकदम उगवतात. इकडे शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा विमा, शिवाय बँकेचं स्टेटमेंट. तिचं स्टेटमेंट पाहून खिडकीपलीकडच्या माणसानं पान उलटलं. पैसे मागच्या बाजूला असावेत अशी त्याची समजूत. शेवटी वडिलांनी डाळिंबाची पट्टी आली तशी तिच्या खात्यात टाकली. भारतीय भूविज्ञानाला सांगोल्याच्या डाळिंबांनी दिलेल्या या अनुदानाची नोंद कुठल्याही वार्षिक अहवालात सापडणार नाही.

तिकीटही मनाला येईल तिथून काढायचं नाही. सरकारी खर्चानं विमानात बसायचं तर अधिकृत एजंट तीनच : बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी. तिसरं नाव ऐकून तिच्या आजीनं काळजीनं विचारलं, "वेटिंग तर नाही ना गं?"

पोरगी गेली. चिवडा खाल्ला आणि नळाचं पाणी प्यायली. व्हिएन्नाच्या नळाला १८७३ पासून आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, ही माहिती तिनं मला अभ्यासाचा भाग म्हणून कळवली. बाटलीचा भाव कळवला नाही. पोस्टरपाशी तिला इथिओपियाचा एक संशोधक भेटला. त्यांचं पठारही आपल्यासारखंच लाव्ह्याच्या थरांचं, फक्त वयानं निम्म्याहून लहान. दोन थरांमधल्या सांध्यांतून पाणी कसं मुरतं यावर दोघं तासभर बोलले. असा तासभर पुण्यात बसून मिळत नाही, म्हणून तर पाठवायचं. नंतर बिलांचा विषय निघाला आणि त्यावर ते त्याहून जास्त वेळ बोलले.

परत आल्यावर खरी परीक्षा. जातानाचा बोर्डिंग पास मोबाइलवर होता, तो अॅपमधून आपोआप नाहीसा झाला. मी तिला घेऊन हिशेबाच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "अहो, ती जाऊन आली. ही काय तुमच्यासमोर उभी आहे!"

"मॅडम, हा आल्याचा पुरावा झाला. गेल्याचा कुठंय?"

पासपोर्टवरचा शिक्का दाखवला. त्यावर, ती कुठल्या विमानानं गेली हे शिक्का सांगत नाही, असं उत्तर आलं. ते बरोबरच होतं. या लोकांना संशोधनात घ्यायला हवं. पुराव्याशिवाय एक पाऊल पुढे टाकत नाहीत.

मला सभेला जायचं असलं तर प्रवासखर्चाची आगाऊ रक्कम मिळते. तिला मिळत नाही, कारण ती कर्मचारी नाही. पेपर तपासायला, प्रयोगशाळा लावायला आणि पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला मात्र ती कर्मचारी असते. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमसुद्धा उचल देतो. त्या उचलीची कीर्ती बरी नाही हे मला ठाऊक आहे, पण निदान पैसे आधी हातात पडतात.

तेव्हा हिशेब खात्यातल्या बंधुभगिनींनो, मंजूर रकमेतले नव्वद टक्के पोरांना निघण्यापूर्वी द्या. उरलेले दहा टक्के खुशाल बोर्डिंग पाससाठी अडवून ठेवा.