बेताच्या खिशातले रोम

प्राचीन रोमन नाणी जमवणे हा श्रीमंतांचा छंद समजला जात असला, तरी त्याचे शास्त्र महिनाअखेरीस पाकीट चाचपून पाहणाऱ्या माणसानेच वाढवले आहे. कारण ज्याला हवे ते नाणे परवडते त्याला फक्त पैसे मोजावे लागतात, आणि ज्याला परवडत नाही त्याला नाइलाजाने इतिहास वाचावा लागतो.

या वाचनासाठी लोणावळ्याजवळचे कुरवंडे ही उत्तम जागा होय. नागफणीच्या कड्याजवळून कोकणात उतरणारी कुरवंड्याची घाटवाट ज्या मुलखाला जोडते, त्या मुलखातील कल्याण आणि चौल या बंदरांचा उल्लेख पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात, म्हणजे खलाशी आणि व्यापारी यांच्यासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत, येतो. त्याच ग्रंथात भरुच बंदरी रोमन सोन्याचांदीची नाणी नफ्याने बदलून मिळतात, अशी व्यवहारी नोंदही आहे. जवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांब धेनुकाकट येथील यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या मंडळींनी दान दिले असून, आजचा देणगीदार देवळातील पंख्याच्या पात्यावर नाव घालतो त्याच निष्ठेने त्यांनी खांबांवर नावे कोरून घेतली. शिवाय मावळ तालुक्यातील एका खोऱ्याचे नावच नाणे मावळ आहे. एवढा पुरावा हाती आल्यावर बेताच्या मिळकतीचा संग्राहक पावसाळ्यात घाटवाटेने मान खाली घालून चालू लागतो, आणि भोवतालचे पर्यटक ढगांची छायाचित्रे काढत असताना तो चिखलाची पाहणी करतो.

रोममध्ये प्लिनी या लेखकाने भारत दरवर्षी साम्राज्याचे 5 कोटी सेस्टर्टियस गिळंकृत करतो, अशी तक्रार केली होती. चार सेस्टर्टियसांचा एक देनारियस, म्हणजे रोमन चांदीचे नेहमीच्या चलनातले नाणे, होत असे. परंतु त्या 5 कोटींपैकी एकही नाणे या चिखलात संग्राहकाची वाट पाहत थांबलेले आढळत नाही. थांबलेच असते, तरी ते लगेच त्याचे झाले नसते. कारण 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक मोलाचा असेल, तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. दहा रुपयांत आज लोणावळ्यात चिक्कीचे पाकीटही हाती पडत नाही, हे कायद्याच्या अद्याप कानी गेलेले नाही.

खाली पाहणे व्यर्थ ठरल्यावर संग्राहक विक्रेत्याकडे वळतो. तेथे ऑरियस, म्हणजे पंचवीस देनारियस किमतीचे सोन्याचे नाणे, केवळ दर्शनापुरते असते. देनारियस परवडतो, पण त्यासाठी विक्रेत्याची वर्णनभाषा समजून घ्यावी लागते, आणि ती वधूवर सूचक मंडळाच्या भाषेची सख्खी बहीण असते. 'वापरातील सौम्य खुणा' याचा अर्थ सम्राटाचे नाक गेले आहे. 'चेहरा ओळखता येतो' याचा अर्थ तो विक्रेत्याला ओळखता येतो. आणि 'वयोमानाने आलेले व्यक्तिमत्त्व' असे लिहिलेले असेल, तर नाण्याचा आणि सम्राटाचा संबंध फार पूर्वीच तुटला आहे, असे समजावे.

खरा दिलासा चौथ्या शतकातील कांस्य नाण्यांत असतो. कॉन्स्टंटाईन सम्राटाच्या काळी ती अमाप पाडली गेल्यामुळे आजही थोडक्यात मिळतात. त्यांवर जुळ्यांना दूध पाजणारी लांडगी दिसते, किंवा बुरूज असलेले छावणीचे द्वार दिसते. कुरवंड्याचा घाट उतरला की छावणी नावाचे गाव लागत असल्याने मावळच्या संग्राहकाला हे दुसरे नाणे विशेष घरचे वाटते. अशा नाण्यावर शतकानुशतकांत चढलेल्या हिरवट थराला पॅटिना म्हणतात, आणि सगळे सौंदर्य व निम्मी किंमत त्यातच असते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घरातील कर्तबगार मंडळी हा थर चिंच आणि पितांबरी यांच्या साहाय्याने दहा मिनिटांत उतरवतात, आणि दुसऱ्या दिवशी कॉन्स्टंटाईन लाह्याबत्ताशांशेजारी नव्या वॉशरसारखा चकाकत बसतो.

खोट्या नाण्यांचे प्रकरण स्वतंत्र आहे. पूर्वी नाण्यांची पारख करणारा पोतदार नावाचा अधिकारीच असे. आता ते आडनाव तेवढे उरले असून पारख गिऱ्हाइकानेच करावयाची असते. साच्यात ओतलेल्या नकलेच्या काठावर बहुधा सांध्याची रेघ आणि पृष्ठावर बारीक बुडबुड्यांचे खळगे दिसतात; ज्याला ते घरी आल्यावर दिसतात, तो त्यानंतर पारखी होतो.

या सर्व विचारांती कुरवंड्याच्या माणसाने घ्यावे असे 'रोमन' नाणे कोणते, याचे उत्तर नहपान हे आहे. पश्चिम क्षत्रप घराण्याच्या या राजाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक हे गाव दान दिल्याचा लेख तेथे असल्याने, नहपानाची सत्ता मावळात होती, याबद्दल शंका नाही. त्याचे चांदीचे नाणे सुमारे दोन ग्रॅमचे असून त्यावरील मुखवटा पश्चिमी वळणाचा आहे आणि कडेने चक्क ग्रीक अक्षरे आहेत. क्षत्रपांची चांदी बरीचशी रोमन देनारियस वितळवून आली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे प्लिनीची तक्रार येथे मुद्रित स्वरूपात हाती येते. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव करून त्याच्याच नाण्यांवर आपला छाप मारला, आणि 1906 साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे सापडलेल्या 13,000 हून अधिक नाण्यांपैकी 9,000 हून अधिक अशी दुहेरी छापाची निघाली. त्यांत डोंगराच्या चिन्हाखाली नहपानाचे नाक अजून डोकावते.

एका नाण्याच्या पैशांत दोन राजे आणि आत वितळलेला एक सम्राट देणारा हा व्यवहार चुकवू नये; फक्त पावती घ्यावी आणि पितांबरी कुलपात ठेवावी.