पोरांचे वकीलपत्र

थोरांना आपले जीवितकार्य अंतरात्म्याच्या आवाजाने कळते, असे चरित्रग्रंथांतून वाचून मीही त्या आवाजाची दीर्घकाळ प्रतीक्षा केली होती. परंतु तालुक्याच्या कोर्टातील वकिलांच्या ज्या खोलीत मी बसत असे, तेथे जुन्याजाणत्या वकीलमंडळींचा अडकित्ता आणि पट्टेवाल्याचा पुकारा यांखेरीज अन्य आवाजाचा शिरकाव होणेच अशक्य होते. माझ्यापाशी सनद होती, काळा कोट होता, टेबलाचा एक डुगडुगणारा कोपराही रीतसर माझ्या नावे झाला होता. उणीव होती ती पक्षकाराची. एखादा खेडूत पागोटे सावरीत माझ्यापुढे अदबीने उभा राहिलाच, तर तो माझ्याहून वडील अशा कुणा वकिलांची बसण्याची जागा विचारण्यासाठीच आलेला असे.

माझ्या आत्याबाई गावच्या बालवाडीच्या कमिटीवर होत्या. “कोटाला इस्त्री करून दिवसभर रिकामा बसतोस, त्यापेक्षा आमची कीर्दखतावणी तरी लिहीत जा,” असा हुकूम त्यांनी फर्मावला, आणि मी दुपारी कोर्टातून थेट बालवाडीच्या ओसरीवर जाऊन खडू, गूळ-शेंगदाणे व केरसुण्या यांचा जमाखर्च मांडू लागलो. बालवाडीच्या बाई बोर्डीस ताराबाई मोडकांच्या हाताखाली तयार होऊन आलेल्या, कामास चोख. परंतु हिवतापाला कुणाच्या शिक्षणाची तमा नसते. त्यांनी अंथरूण धरताच आत्याबाईंनी माझ्या हातातील दौत काढून घेतली आणि मला आतल्या खोलीत ढकलून बाहेरून कडी लावली.

या क्षेत्रात प्रवेश करणाऱ्याने आधी भलत्याच धंद्याचे शिक्षण घ्यावे, असा काही दैवी संकेत असावा. 1907 साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडणाऱ्या मारिया माँतेसोरी वैद्यकाच्या पदवीधर, तर 1920 मध्ये भावनगरास बालमंदिर काढणारे, ज्यांना गुजरातेत प्रेमादराने ‘मूछाळी माँ’ म्हणत ते गिजुभाई बधेका चक्क वकील. अंतर इतकेच, की गिजुभाईंनी चालती वकिली सोडली. माझी सोडण्याइतकी जवळ कधी आलीच नव्हती.

गिजुभाईंचेच ‘दिवास्वप्न’ आत्याबाईंच्या फडताळात होते. त्यातील मास्तर पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घेऊ जातो आणि सपशेल तोंडघशी पडतो, हे वाचूनही मी तोच खेळ घेतला, कारण शांतता राखण्याचा हुकूम देणे एवढाच न्यायशास्त्राचा भाग मला कोर्टात प्रत्यक्ष पाहावयास मिळाला होता. “डोळे मिटा,” असे म्हणताच प्रत्येकाने शेजाऱ्याचे डोळे बोटांनी मिटण्यास प्रारंभ केला, आणि त्यातून उद्भवलेल्या दंग्यात गुलाबी मनोऱ्याच्या दहा ठोकळ्यांपैकी शेवटचा, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीरुंदीचा ठोकळा बेपत्ता झाला.

तेव्हा मात्र माझ्यातील सुप्त कायदेपंडित खडबडून जागा झाला. मी चौकशी मांडली. “मी नाई गिळला,” असा जबाब एका गृहस्थांनी, त्यांस कुणी काही विचारण्यापूर्वीच, नोंदवला. दुसऱ्या साक्षीदार बाई, वय वर्षे चार, यांनी तो वाघाने नेल्याचे शपथेवर सांगितले.

“तू पाहिलंस का वाघाला?”

“नाई. मी झोपले होते. पण तो लाल होता.”

असा साक्षीदार उलटतपासणीत टिकतो. मी स्वतः घेतली, म्हणून खात्रीने सांगतो. अखेर घाम पुसण्यासाठी रुमाल काढावयास कोटाच्या खिशात हात घातला, तो मुद्देमाल अर्धवट चोखलेल्या चिंचेसह तेथेच निघाला. “मीच ठेवला,” गिळण्याचा इन्कार करणारे ते गृहस्थ म्हणाले, “काका, तुला कुणीच काई दिलं नव्हतं ना!” ज्याच्या खिशात मुद्देमाल तोच न्यायासनावर, अशी ती विलक्षण सुनावणी तेथेच संपली, परंतु कुणी आपखुशीने माझ्या खिशात काही घातल्याचा माझ्या समग्र वकिलीतील तो पहिलाच प्रसंग होता.

बाई बऱ्या होऊन परतल्या, तरी मला ओसरीवर परतू देण्यास पक्षकार राजी होईनात. रोज सकाळी कैफियतींचा ढीग पडे: कुणी कुणाच्या चित्रातला सूर्य खोडलेला, कुणाच्या बाहुलीचा नवरा परस्पर दुसरीकडे दिलेला. या फिर्यादी शेवटपर्यंत ऐकून घ्याव्या लागतात. निकाल कुणालाच नको असतो, आणि तो देण्यासाठी आपण घसा साफ करावा तोच वादी-प्रतिवादी हातात हात घालून झोपाळ्याकडे चालू लागतात. अवघी हयात वाहून घ्यावी असे हे काम आहे, हे मला फार लवकर पटले. परक्या जमिनीवर कुणी उघडपणे व अखंड कबजा ठेवला, तर 12 वर्षांनी ती त्याची होते, असे मुदतीचा कायदा सांगतो; या मंडळींनी माझ्यावर कबजा बसवला तो दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, आणि मूळ मालकाने हरकत घेतल्याचे दप्तरी कोठेही आढळत नाही.

घरात अर्थातच हलकल्लोळ झाला. मामांच्या मते कुळाला कलंक लागला. त्याच सुमारास कोर्टात चालणारा वकील असे समजून शेजारच्या तालुक्याचे एक गृहस्थ आपल्या कन्येसाठी मला पाहावयास आले, आणि पत्ता विचारीत थेट बालवाडीत येऊन ठेपले. मी तेव्हा घोडा झालो होतो, आणि पाठीवरील स्वार उतरावयास तयार नसल्यामुळे मुलाखत मला त्याच आसनात द्यावी लागली.

“पगार?” त्यांनी छत्री टेकवीत विचारले. मी आकडा सांगितला. तो त्यांनी महिन्याचा की आठवड्याचा, हे पुन्हा विचारून घेतले.

“आणि बढती?”

“होते ना. दरवर्षी जूनमध्ये सगळी पहिलीत जातात,” मी मान वर करून म्हणालो, “मी तेवढा इथं राहतो.”

आठवड्याच्या आत त्यांचे विनयपूर्वक लिहिलेले पत्र आले, की पत्रिका जुळत नसल्याने योग नाही. माझी पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.