फ्रेंच खेड्यात बिऱ्हाड

फ्रान्सच्या खेड्यात घर घेणाऱ्यांचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात: पॅरिसच्या भाड्याला कंटाळलेले फ्रेंच आणि इंग्लंडच्या पावसाला कंटाळलेले इंग्रज. दुसऱ्या प्रकाराच्या वाढीस पीटर मेल हे लेखक बरेचसे जबाबदार आहेत. जाहिरातीचा धंदा सोडून ते प्रोव्हान्समधील मेनेर्ब गावी राहायला गेले आणि तिथल्या पहिल्या वर्षाची हकीकत त्यांनी 1989 साली प्रसिद्ध केली. पुस्तक इतके खपले की वाचक ते हातात घेऊन थेट दारात येऊ लागले आणि मेल काही वर्षांसाठी अमेरिकेला निघून गेले. घर घेणाऱ्यांची रांग मात्र हटली नाही. या मंडळींच्या मनातले घर ठरलेले असते. भिंती दगडी, खिडक्यांच्या झडपा निळ्या, अंगणात अक्रोड. विक्रीच्या जाहिरातीतले छायाचित्र नेहमी जून महिन्यातले असते. फेब्रुवारीतले छायाचित्र दाखवणारा दलाल अजून जन्मायचा आहे.

क्रूझ, लो, दोर्दोन्य या भागांत अशी घरे वर्षानुवर्षे रिकामी असतात, त्याचे श्रेय नेपोलियनकडे जाते. त्याच्या 1804 च्या दिवाणी संहितेने मुलांना वारसाहक्कातून बाद करण्याची मुभा बापाकडून काढून घेतली. परिणामी एका घराला लियोंचा पुतण्या, कॅनडातली भाची आणि आजीच्या कपाटावरून दोघांशी अबोला धरलेला तिसरा चुलतभाऊ असे मालक असतात. सातबाऱ्यावर सतरा नावे असलेली जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याहून अधिक खुलासा लागणार नाही. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत छप्पर थांबत नाही.

वारसांचा त्रास टाळू पाहणाऱ्यांसाठी ‘व्हियाजे’ नावाची सोय आहे. वृद्ध मालक घर विकतो पण मरेपर्यंत त्यातच राहतो. घेणारा त्याला दरमहा ठराविक रक्कम देतो. व्यवहार जितका कायदेशीर तितकाच अवघडलेला, कारण विकणाऱ्याची तब्येत विचारताना घेणाऱ्याला चेहरा सांभाळावा लागतो. याचे नामांकित उदाहरण खेड्यातले नसून आर्ल शहरातले आहे, तरी ते गाळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. 1965 साली आंद्रे-फ्रांस्वा राफ्रे यांनी झान काल्माँ या 90 वर्षांच्या बाईंचे घर दरमहा 2,500 फ्रँक देण्याच्या बोलीवर घेतले. राफ्रे तेव्हा 47 वर्षांचे होते आणि व्यवसायाने दस्तऐवजांतलेच जाणकार. ते 1995 साली, 77 व्या वर्षी वारले. तोवर घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक पैसे देऊन झाले होते आणि राहायला एक दिवसही मिळाला नव्हता. पुढचे हप्ते त्यांच्या पत्नीने भरले. काल्माँबाई 1997 साली गेल्या, वय 122. मानवी आयुष्याचा तो नोंदलेला विक्रम आहे.

साधी खरेदी करणाऱ्याची गाठ नोतेरशी पडते. सरकारने नेमलेल्या या कायदेपंडिताशिवाय फ्रान्समध्ये वीटही हात बदलत नाही. जुन्या घरावर किमतीच्या 7 ते 8 टक्के रक्कम त्याच्याकडे भरावी लागते. तिच्यातला मोठा वाटा करापोटी सरकारजमा होतो, शिव्या तेवढ्या नोतेरच्या वाट्याला राहतात. प्राथमिक करारानंतर घेणाऱ्याला माघार घेण्यासाठी 10 दिवस मिळतात. विकणाऱ्याला एकही नाही, कारण त्याने घर पाहिलेले असते. मग तपासण्यांचे बाड येते: 1949 पूर्वीचे घर असेल तर रंगातले शिसे, 1997 पूर्वीचे असेल तर अॅस्बेस्टॉस, शिवाय वाळवी, वीज आणि थंडीत उष्णता किती निसटते तो हिशेब. यातले मर्मस्थान म्हणजे सेप्टिक टाकी. विरळ वस्तीत गटाराची नळयोजना नसते, म्हणून स्थानिक संस्थेचा माणूस येऊन टाकीचे झाकण उघडतो आणि बहुतेक वेळा मान हलवतो. टाकी नापास झाली तर ती वर्षभरात सुधारण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते. वाइनच्या गप्पा मारायला खेड्यात आलेली माणसे पहिले वर्ष मैल्याच्या गप्पा मारतात.

किल्ली हातात आली तरी घर ताब्यात आले असे समजू नये. माळ्यावर आधीची मंडळी असतात. मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा फुईन नावाचा प्राणी भिंतीतली काचलोकर उपसून तिच्यात संसार थाटतो आणि रात्री एकच्या सुमारास फर्निचर हलवतो. दाराच्या वरच्या तुळईला पाकोळ्यांचे घरटे असेल तर ते काढणे गुन्हा आहे, कारण पाकोळी संरक्षित आहे. घरमालकाला तसे कोणतेही संरक्षण नाही. शरदात शिकारी येतात ते रविवारी सकाळी, कुत्र्यांसह. 1964 च्या एका कायद्याने अनेक गावांत लहान जमिनींवरचा शिकारीचा हक्क गावच्या शिकारी संघाकडे गेलेला आहे, त्यामुळे ‘हे माझे शेत आहे’ या वाक्याचा रानडुकराइतकाच शिकाऱ्यांवरही परिणाम होत नाही.

शांततेसाठी आलेल्यांना खेड्याच्या आवाजाचे विशेष वाटते. देवळाचे तास रात्रीही पडतात. काही गावांत दोन मिनिटांनी तेच टोल पुन्हा देतात, पहिल्या खेपेस मोजायचे राहून गेलेल्यांसाठी. महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता अनेक गावांत संकटाचा भोंगा तपासतात आणि नवा रहिवासी टेबलाखाली जातो. 2018 साली ल बोसे गावात पाहुण्यांनी महापौरांकडे रातकिड्यांसारखे किरकिरणारे सिकाडा औषध फवारून मारण्याची मागणी केली. 2019 साली ओलेरों बेटावरचा मोरीस नावाचा कोंबडा पहाटे आरवतो म्हणून खटला उभा राहिला आणि रॉशफोरच्या न्यायालयाने निकाल कोंबड्याच्या बाजूने दिला. अखेर 29 जानेवारी 2021 च्या कायद्याने खेड्यातले आवाज आणि वास राष्ट्राच्या वारशात दाखल झाले. शेणखताला घटनात्मक नसले तरी कायदेशीर स्थान मिळवून देणारे देश थोडे असतील. मोरीस हा कायदा पाहायला उरला नाही, तो 2020 सालीच वारला.

दिनक्रमाबाबत एकच नियम पुरेसा आहे: 12 ते 2 काही मागू नये. दुकान, पोस्ट, रंगाचा डबा, माणुसकी, सगळे बंद असते. सोमवारीही बहुतेक बंद. 2022 साली युनेस्कोने ‘बागेत’ नावाच्या पावाची कला मानवतेच्या वारशात नोंदवली. त्या वेळी अनेक गावांत बेकरी उरलेली नव्हती आणि पाव यंत्रातून, नाणे टाकून निघत होता. कारागिरांचे वेळापत्रक वेगळे. गवंडी ‘पुढच्या आठवड्यात’ येतो, फक्त आठवड्याचे नाव सांगत नाही. ऑगस्टमध्ये तो समुद्रावर असतो. 1978 च्या कायद्याप्रमाणे झालेल्या बांधकामाची 10 वर्षे जबाबदारी त्याच्यावर असते. काम सुरू केव्हा करायचे याविषयी कायदा गप्प आहे.

गावाशी नाते जोडण्याचा मार्ग ‘बोंजूर’वरून जातो. तो शब्द न उच्चारता बटाट्यांचा भाव विचारणाऱ्यास भाव सांगतात, पण त्याची नोंदही ठेवतात. फ्रान्समध्ये सुमारे 35,000 ग्रामसंस्था आहेत आणि प्रत्येकीला महापौर आहे. बऱ्याच ठिकाणी तो गाईही राखतो, म्हणून ओळख करून घ्यायला कचेरीपेक्षा गोठा बरा. गालाला गाल लावण्याची संख्या प्रांतागणिक दोन, तीन किंवा चार असते. नवख्याने थांबण्याचे काम समोरच्यावर सोडावे. वर्षाअखेरीस बंबवाले आणि पोस्टमन दिनदर्शिका घेऊन येतात. तिची किंमत छापलेली नसते आणि ज्याने फार कमी दिले त्याचे नाव लक्षात राहते. कोणाचीही वाइन, कोणाचीही बायको, कोणाचेही राजकारण यावर चर्चा चालते. अळंबी कुठे सापडली हे मात्र सख्ख्या भावालाही विचारू नये. एवढे सगळे जमले तरी घराला गाव आधीच्या मालकाच्याच नावाने ओळखते. नव्या मालकाचे नाव घराला चिकटते ते त्याने घर विकल्यावर.

मग हिवाळा येतो. साठ सेंटिमीटर जाडीच्या दगडी भिंती उन्हाळ्यात गारवा देतात असे दलालाने सांगितलेले असते. ते खरेच असते, आणि जानेवारीतही खरे असते. जळण स्तेर या मापाने विकतात: एक मीटर लांबीच्या ओंडक्यांची एक घनमीटर रास. तेच ओंडके शेगडीसाठी 33 सेंटिमीटरचे कापले की रास 0.7 घनमीटर भरते, कारण आखूड तुकड्यांमध्ये फटी कमी राहतात. लाकूड तेवढेच असते, पण हे पटेपर्यंत प्रत्येक नवा रहिवासी एकदा तरी टेप घेऊन अंगणात उभा राहतो. स्तेर हे माप 1977 अखेर कायद्यातून गेले. लाकूडवाल्यांपर्यंत ती बातमी अद्याप पोचलेली नाही. ओले लाकूड धूर देते आणि धुराडे चोंदवते. धुराडे साफ केल्याचा दाखला नसेल तर आग लागल्यावर विमा कंपनी हात आखडता घेऊ शकते. ओकचे लाकूड वाळायला दोन वर्षे लागतात आणि वाळलेले सप्टेंबरपर्यंत जुन्या गिऱ्हाइकांकडे गेलेले असते. ज्यांना एवढे वाचूनही जायचे आहे, त्यांनी पलंगाआधी लाकूड सांगून ठेवावे, तेही मे महिन्यात आणि शक्यतो बारा वाजायच्या आत.