चुन्याची रेघ

गावठाणातल्या घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८. पण तो घरपट्टीपुरता. मालकीचं विचाराल तर बँकवाला हसतो. म्हणून २४ एप्रिल २०२० ला केंद्राने स्वामित्व योजना आणली: ड्रोनने गावठाण मोजायचं आणि मिळकत पत्रिका द्यायची.

आता ड्रोनला काही भावकी कळत नाही. तेव्हा तो उडण्याआधी ज्याने त्याने आपल्या हद्दीवर चुना टाकावा, असं ठरलं. लोकसहभाग म्हणतात तो हाच. श्रमदान म्हटलं की ज्यांची कंबर धरते, ते पहाटेच घमेलं घेऊन हजर! चुलत्याच्या वळचणीखालची वीतभर जागा, न्हाणीची नाली, शिवाय पिढीजात भांडणाचा उकिरडा, सगळं रेघेच्या आत. उजाडल्यावर चुलताही घमेलं शोधू लागला.

सरकारला गावात एकोपा हवा होता. तो झाला, पण रस्त्यापुरता. दोन्ही बाजूंनी हातहात आत घ्यायचा, कुणी कुणाचं नाव सांगायचं नाही. चौकशीला आलेल्या भूमापकाने हरकती विचारल्या, तेव्हा अख्खी आळी गप्प. रस्ता काही हरकत घ्यायला आला नाही.