घरच्या घरी पद्मिनी

अमेरिकेतला हौशी माणूस घरामागच्या गॅरेजमध्ये जुनी मस्टँग बांधतो. त्याच्याकडे स्वतःचं शटर असतं, इंजिन उचलायला साखळीची घोडी असते, आणि स्क्रूपासून अख्ख्या बॉडीपर्यंत सगळं नवंकोरं घरपोच मिळतं. त्यात कसलं आलंय कौशल्य? आपल्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मध्ये, शेजारच्यांच्या ॲक्टिव्हाला धक्का न लावता प्रीमियर पद्मिनी उभी करायची आहे. दोघी तशा एकाच वर्षीच्या. 1964 साली तिकडे फोर्डने मस्टँग आणली आणि इकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट 1100 डिलाइट. 1974 पासून तिलाच पद्मिनी म्हणू लागले. मस्टँगच्या वाट्याला 4.7 लिटरचं व्ही-एट इंजिन आलं, आपलीच्या वाट्याला 1089 सीसी आणि 40च्या आसपास हॉर्सपॉवर. म्हणजे ताकद लागणार ती तुमची, कारण ही गाडी बराच काळ ढकलायची आहे.

सूचना क्रमाने पाळा. मधली पायरी गाळलीत तर काम लवकर संपण्याचा धोका आहे.

1. गाडी शोधा.

आधी विकणाऱ्याची भाषा शिका. ‘फक्त बॅटरी टाकायची आहे’ म्हणजे इंजिन जाम आहे. ‘पेपर क्लिअर’ म्हणजे पेपर आहेत, पण कपाटाची किल्ली सुनेकडे आहे. ‘डॉक्टरांची गाडी आहे’ म्हणजे डॉक्टर वारले आणि मुलगा न्यू जर्सीला असतो.

बघायला जाताना खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. दरवाजाच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीला आणि डिकीत स्टेपनीखाली तो लावून बघा. चिकटला तर पत्रा. घसरून पडला तर तिथे लांबी भरून वर रंग मारलेला आहे. कुठेच चिकटला नाही तर तुम्ही गाडी नव्हे, गाडीचा पुतळा बघताय. मग पायाखालचं मॅट उचला. त्याखालच्या गोणपाटाने कैक पावसाळ्यांचं पाणी धरून ठेवलेलं असतं. गोणपाटाखाली पत्रा असायला हवा. फरशी दिसली तर ‘हवेशीर आहे’ म्हणा आणि मॅट परत ठेवा.

एवढ्यात मालक सांगू लागतील की याच गाडीतून सात माणसं आणि एक स्टोव्ह घेऊन ते महाबळेश्वरला गेले होते. तुमचा घसा दाटून येईल. पैसे द्यायची हीच वेळ. घासाघीस मनावर ताबा असलेल्या माणसांनी करावी. ती माणसं मारुती घेतात.

2. घरी सांगा.

किंमत निम्मी सांगा. ‘बाबांची आठवण म्हणून’ हे कारण देऊन पाहायला हरकत नाही, पण बाबांकडे फियाट नव्हती, बजाजची स्कूटर होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

3. कागदपत्रं.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी गाडीची तपासणी, आणि वर पर्यावरण कर. ही गाडी चाचणीला स्वतःच्या चाकांवर जावी अशी अपेक्षा असते. ती कशी न्यायची हे कोणी सांगत नाही.

त्याआधी चेसिस नंबरचा छाप काढायचा. नंबरावर कागद ठेवून त्यावरून पेन्सिल आडवी घासायची की आकडे उमटतात. पण नंबर सापडला पाहिजे. त्याच्यावर आधीच्या तीन मालकांचे तीन रंग बसलेले असतात. रॉकेलचा बोळा आणि पॉलिश पेपर घेऊन बसा, हलक्या हाताने घासा. जोर लावलात तर रंगाबरोबर आकडाही जाईल, आणि मग गाडी कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच उरणार नाही. मन खचू देऊ नका. व्यवहारात ती तशी आत्ताही नाहीच.

4. गाडी उघडा.

हा सगळ्यात आनंदाचा भाग, म्हणून लवकर उरकतो. लागणारं सामान: पान्ह्यांचा संच, रॉकेल, जुनी बनियन आणि श्रीखंडाचे रिकामे डबे. प्रत्येक डब्यात एकेका भागाचे नटबोल्ट ठेवून वर चिठ्ठी लावायची. चिठ्ठी बॉलपेनने लिहा, म्हणजे तेलाचा हात लागला की अक्षर पुसलं जाईल आणि पुढच्या दिवाळीला ‘डावं पु...’ एवढंच उरेल. पुढचं की पुली, हा विचार करण्यात अख्खा रविवार छान जातो.

इंजिन जाम असेल तर प्लग काढा, भोकांतून रॉकेल किंवा डिझेल सोडा आणि थांबा. रोज सकाळी पुढच्या पुलीचा नट पान्ह्याने किंचित फिरवून बघा. हातोडा दूर ठेवा. एके दिवशी पुली केसभर सरकेल आणि तुम्हाला बायकापोरांसकट सगळ्या इमारतीला खाली बोलवावंसं वाटेल. बोलवू नका. त्यांना काही दिसणार नाही.

एक सूचना थट्टेतली नाही: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. लोखंडी स्टँड लावा. विटाही चालत नाहीत, त्या वजनाने फुटतात.

5. समितीशी संबंध ठेवा.

तेलाचे डाग पडल्यावर नोटीस येईल. तिच्यात गाडीचा उल्लेख ‘भंगार’ असा असेल. लेखी उत्तर द्या आणि ‘वारसा’ हा शब्द निदान दोनदा वापरा. अध्यक्ष फारच तापले तर त्यांना मागच्या सीटवर बसवून चहा पाजा. पद्मिनीची मागची सीट त्या वयाच्या माणसाला जाग्यावर मऊ करते. ते उठताना, ‘आमच्या लग्नाची वरात याच गाडीतून निघाली होती,’ म्हणतील. डाग मात्र पुसा.

6. मिस्त्री गाठा.

‘घरच्या घरी’ म्हणजे मिस्त्री घरी येतो. तो ‘गुरुवारी येतो साहेब’ म्हणेल. कुठल्या, ते विचारू नका. आल्यावर तो बॉनेटमध्ये डोकं घालेल, बराच वेळ काही बोलणार नाही, आणि मग त्याच्या धंद्यातला सनातन प्रश्न विचारेल, “याला आधी कोणी हात लावला होता?” ‘आधीच्या मालकाने,’ असं न अडखळता सांगा.

खरा जाणता मिस्त्री ओळखायची एक खूण आहे. त्याला गिअरच्या दांडीकडे न्या. पद्मिनीचे चार गिअर स्टिअरिंगपाशी असतात, आणि खालच्या जोडदांड्या झिजल्या की दोन गिअरच्या मध्ये कुठेतरी अडकून बसतात. पोरगेला मेकॅनिक वर बसून दांडीशी कुस्ती खेळतो. जाणता माणूस मुकाट बॉनेट उघडतो, आत हात घालून जोड मोकळा करतो आणि पुन्हा चहा मागतो. असा माणूस मिळाला तर त्याच्या नातवाच्या मुंजीला जा, जावळाला जा, पण त्याला सोडू नका. तो साठीच्या पुढचा असेल आणि त्याचा मुलगा बँकेत असेल.

7. पार्ट मिळवा.

गाडी बांधणं म्हणजे मुख्यतः हेच. पुण्यात नाना पेठ, आणि बुधवारी-रविवारी जुना बाजार. मुंबईत ऑपेरा हाऊस, चोर बाजार आणि कुर्ल्याचं भंगार. दुकानदार ‘ओरिजिनल’ म्हणाला तर तो वापरलेला असतो. ‘ओरिजिनलसारखा’ म्हणाला तर तो बसत नाही. धुळीच्या खोक्यातून, वर्तमानपत्राच्या गुंडाळीतून निघाला तर कंपनीचाच आहे. मग भाव विचारून तोंड वाकडं करायचं आणि तेवढेच पैसे मोजायचे.

मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. लोक हळहळले, पेपरांत निरोपाचे लेख आले. त्या गेल्या तशी दुकानदाराला रोजची गिऱ्हाईकं उरली नाहीत. उरलात तुम्ही, आणि तुम्ही भावनेने घेता हे त्याला चेहऱ्यावरून कळतं. म्हणून दुकानात जाताना गरजू दिसू नका. ‘मित्रासाठी बघतोय’ म्हणा. तो नुसता हसेल.

दरवाजा घेतलात तर आतल्या कडेचा रंग नखाने खरवडून बघा. खाली टॅक्सीचा रंग लागला तर तो दरवाजा तुमच्या जन्मापेक्षा जास्त फिरलेला आहे, आणि अजून तुमच्याच्याहून बरा बंद होतो.

8. तज्ज्ञांना तोंड द्या.

गाडीखाली कोणी आडवा दिसला की मराठी माणूस चालता चालता थांबतो. रोज संध्याकाळी कोणीतरी काका कमरेवर हात ठेवून उभे राहतील. ते पहिलं वाक्य ‘आमच्याकडे पण होती’ असं म्हणतील. दुसरं वाक्य, ‘विकायला नको होती.’ तिसऱ्याला ते मुद्द्यावर येतील.

“ॲव्हरेज किती देते?”

इंजिन त्या वेळी श्रीखंडाच्या डब्यांत असेल. तरी उत्तर द्या. आकडा नेहमी त्यांच्यापेक्षा कमी सांगा.

“बारा.”

“आमची चौदा द्यायची.” काका तृप्त होऊन फिरायला जातील.

यातले अँबॅसिडरवाले वेगळे ओळखा. ते थांबून नुसती मान हलवतात. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं दुःख मोठं आहे. आणि कोणी ‘ही डुक्कर फियाट का?’ विचारलं तर शांतपणे सांगा की ती हिच्या आधीची, गोल पाठीची. एवढं एक वाक्य येत असलं की पुढची पाच वर्षं तुम्ही जाणकार.

9. चालू करा (ऐच्छिक).

फार कमी साधक इथवर पोचतात, म्हणून थोडक्यात. पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरहून जरा कमी ठेवा; हत्यार नसेल तर व्हिजिटिंग कार्ड सरकवून अंदाज घ्या. प्लगच्या वायरी 1-3-4-2 या क्रमाने. एक जरी चुकली तर कार्बोरेटरमधून फटाका फुटेल आणि समितीची दुसरी नोटीस येईल. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. सगळ्या नळ्या बदला. नंतर पेट्रोलचा वास आला तर एक राहिली असं समजा, आणि ती सापडेपर्यंत स्टार्टरला हात लावू नका.

मग घाटात जायची वेळ येईल. खंबाटकी अर्धा चढल्यावर पेट्रोल पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी मान टाकते. घाबरायचं नाही. इंजिनाच्या बाजूला असलेल्या त्या वाटीएवढ्या पंपावर ओलं फडकं गुंडाळून ठेवा, वर थोडं थोडं पाणी सोडत राहा आणि भेळ खा. आपल्या आधीच्या पिढ्यांनी असेच घाट पार केले. त्यांना निसर्गसौंदर्य कळायचं, असं जे म्हणतात, त्याचं कारण हे.

10. हिशेब ठेवू नका.

पावत्या गाडीतच, ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका. त्याचं कुलूप तसंही उघडत नाही.

11. शेवटचं, कायद्याचं.

पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी 2021च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क 20,000 रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि दहा वर्षांनी 5,000 भरून नूतनीकरण. म्हणजे 1974ची पद्मिनी पात्र झाली. 1985ची असेल तर 2035 पर्यंत काम पुरवा, ते तुम्हाला जड जाणार नाही. अट एकच: अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. तुम्ही इतकी वर्षं जे करत होता त्याला सरकारने दिलेली ही मान्यता समजा.

आता एक विनंती. कोणाकडे पद्मिनीच्या पुढच्या दरवाजाची डाव्या बाजूची त्रिकोणी काच असेल, क्रोमच्या पट्टीसकट, तर कळवा. भाव तुम्ही सांगाल तो. उजव्या बाजूच्या हव्या तेवढ्या देतो.