नाव घेताच हजर

व्हिएन्ना,
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. भडंग दोन-चार दिवस पुरेल अशी आशा होती, पण जावईबापू घरी होते.

बाबा, फोनवर सांगितलेलं डोक्यात राहत नाही, कागदावर लिहून पाठव म्हणजे कॉम्प्युटरशेजारी चिकटवतो, असं तुम्ही म्हणालात. म्हणून हा खटाटोप. विषय अर्थातच जावईबापूंचा नवा पंथ.

सध्या आमच्या घरी माउसला हात लावणं पाप आहे. त्यांनी लाँचर नावाचं एक प्रकरण बसवून घेतलंय. ऑल्ट आणि स्पेसबार एकदम दाबायचे, की पडद्याच्या मधोमध एक पट्टी येते. तिच्यात हव्या त्या प्रोग्रॅमचं नाव लिहायला लागायचं. दोन अक्षरं होतात न होतात तोच खाली नाव हजर! एंटर मारला की प्रोग्रॅम उघडला. आयकॉन शोधत पडदाभर हिंडणं नाही. घरच्या विंडोजवर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज रन आहे, तेही फुकट. त्यामुळे मला विरोध करायला काही मुद्दाच उरला नाही.

पंथाला आधारग्रंथही आहे. कॉम्प्युटरवर काम करताना माणसाचा वेळ कुठे कुठे जातो, याचा हिशेब १९८० साली कार्ड, मोरान आणि न्यूवेल या तिघांनी अमेरिकेत मांडला. कीबोर्डवरून माउसवर हात न्यायला ०.४ सेकंद, बाण नेमक्या जागी टेकवायला १.१ सेकंद, हात परत आणायला पुन्हा ०.४. सराईत टायपिस्टला एक कळ दाबायला मात्र ०.२ सेकंद. म्हणजे ऑल्ट, स्पेस, दोन अक्षरं आणि एंटर मिळून एका सेकंदात काम फत्ते. वाचला साधारण एक सेकंद. तो वाचवण्यासाठी पट्टीचा रंग ठरवण्यात आख्खा रविवार गेला, तो हिशेबात धरायचा नसतो.

मी तो तक्ता पुढे वाचला. त्यात आणखी एक बाब आहे, मनाची तयारी. तिला १.३५ सेकंद! हाताच्या आणि कळांच्या सगळ्या आकड्यांहून जास्त. हे जावईबापू पाहुण्यांना सांगत नाहीत, पण मला विचाराल तर खरा फायदा इथेच आहे. हात वाचतो ते ठीक, डोक्याची ‘कुठे बरं ठेवलं होतं’ ही कटकट वाचते ते महत्त्वाचं.

आपल्याकडे पंचा कुठाय, चष्म्याचं घर कुठाय, विजेचं बिल कुठाय, सगळे प्रश्न आईला. कपाटं तुम्ही करून घेतलीत, पण त्यांत काय कुठे आहे ते तिलाच ठाऊक. लाँचर म्हणजे कॉम्प्युटरच्या घरातली आई. तिने आधीच एक फेरी मारून सगळ्याची यादी करून ठेवलेली असते, म्हणून आयत्या वेळी धावाधाव नाही. नाव अर्धवट घेतलं तरी तिला कळतं: पॉवरपॉइंटसाठी पी, पी, टी एवढं पुरतं. शिवाय कोण नेहमी काय मागतं हेही ती लक्षात ठेवते. मी डब्ल्यू दाबला की वर्ड पुढे येतं, कन्येने तिच्या खात्यात दाबला की व्हॉट्सअ‍ॅप. अभ्यास चाललाय म्हणून सांगायची सोय राहिली नाही.

त्यातून जावईबापूंना स्थानिक अभिमानही सापडलाय. या जातीतला एक जुना प्रोग्रॅम, लाँचबार, इथलाच. व्हिएन्नातल्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या कंपनीचा. १९९५ च्या सुमारास तो नेक्स्टस्टेपवर सुरू झाला, म्हणजे अ‍ॅपल सोडल्यावर स्टीव्ह जॉब्जनी काढलेल्या कंपनीच्या सिस्टिमवर. २००१ मध्ये तो मॅकवर आला. अ‍ॅपलचं स्वतःचं स्पॉटलाइट आलं २००५ मध्ये. इथले लोक पाहुण्यांना शोनब्रुनचा राजवाडा दाखवतात. आम्ही पट्टी दाखवतो.

पट्टीशी बोलायचं मात्र जर्मनमध्ये. आमच्या विंडोजवर कॅल्क्युलेटरचं नाव रेश्नर आणि कंट्रोल पॅनेलचं सिस्टेमश्टॉयरुंग. त्यात इथल्या कीबोर्डवर वाय आणि झेडच्या जागा उलट. मी सवयीने झूम लिहायला जाते, वायने सुरू होणारं भलतंच काही उमटतं आणि पट्टी गप्प बसते.

यावरून आठवलं, तुमचं परवाचं कोडं सुटलं. तुम्ही पेंट उघडायला पी-ए-आय-एन-टी दाबलंत आणि पडद्यावर आलं ‘जोगलू’. क्रोम मागितलंत तर ‘मपीदसा’. व्हायरस नाही, बाबा. संपादकांना पत्र लिहून झालं, पण कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवरच राहिला. त्यात पीच्या कळेवर ज, एवर ओकार, आयवर ग, एनवर ल आणि टीवर दीर्घ उकार. कॉम्प्युटरने इमानेइतबारे जोगलू शोधला. सापडला असता तर मलाही भेटायचं होतं.

आता चिकटवायचा भाग:

१. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबा. भाषा बदलते. इंग्रजी आली का, ते उजवीकडे खाली कोपऱ्यात बघा.

२. विंडोजची कळ एकदा दाबून सोडा आणि सरळ नाव लिहायला लागा. वेगळं काही बसवायला नको. २००७ च्या व्हिस्टापासून ही सोय स्टार्ट मेनूतच आहे. शेजारच्या मुलाला बोलावू नका, तो उगाच आणखी काहीतरी बसवून जाईल.

३. फायलींना नावं द्या. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि नुसते आकडे असलेले स्कॅन कुणालाच सापडणार नाहीत, जावईबापूंनाही नाही. सातबाऱ्याला मराठीत ‘सातबारा’ नाव दिलंत तर तो मराठीत लिहूनच सापडेल. तेवढ्यापुरतं इनस्क्रिप्ट चालू ठेवा.

बाकी सर्व क्षेम. आईच्या गुडघ्याचं कळवा.

तुमची लेक

ता. क. स्वयंपाकघरातल्या डब्यांना असं काही बसवता येईल का, असं आईने फोनवर विचारलं होतं. जावईबापूंनी डब्यांची यादी मागवली आहे. कृपा करून तिने ती पाठवू नये.