ग्रंथालय प्रभारी आहे

ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असं एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीत सांगून ठेवलं. आमच्या विद्यापीठांनी ते मनावर घेतलं. नक्की काय वाढवायचं, एवढंच रंगनाथनांनी खुलासेवार सांगायला हवं होतं.

ग्रंथपाल निवृत्त झाले की पद रिक्त राहत नाही, 'प्रभारी' होतं. हा प्रभार बहुधा अशा प्राध्यापकांकडे जातो, ज्यांच्याकडे वसतिगृह आणि क्रीडा महोत्सव आधीपासूनच आहेत. देवघेवीच्या काउंटरवर अकरा महिन्यांच्या करारावरची मुलं. दशांश वर्गीकरण हाताला बसतंय तोवर करार संपतो. मग ८९१.४६ या क्रमांकाची मराठी कादंबरी ६२१.४६ मध्ये, म्हणजे विजेच्या मोटारींच्या शेजारी जाऊन बसते आणि सुखाने राहते. तिथे तिला कोणी शोधत येत नाही.

जागेच्या नियोजनाला मात्र माणूस कमी पडत नाही. मूल्यांकनासाठी नॅकची समिती येणार म्हटल्यावर बांधीव नियतकालिकं तळघरात उतरतात. वाळवीची तेवढी सोय होते. मोकळ्या जागेत काचेचा चर्चाकक्ष, रंगीत सोफे आणि उद्घाटनाची कोनशिला. समिती गेल्यावर कक्षाला कुलूप, किल्ली प्रभारींकडे.

अभ्यासिका तेवढी तुडुंब असते. स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटेपासून जागा धरतात, दप्तर ठेवतात, पुस्तकं घरून आणतात. ग्रंथालयातलं कपाट त्यांना लागतं ते मोबाईल चार्जिंगला लावून ठेवण्यापुरतं, म्हणून येत्या अंदाजपत्रकात प्लगांसाठी तरतूद आहे.